वराहमांसाचा मंदाग्निपाक

वराहमांसाचा मंदाग्निपाक : डुकराचे हाडयुक्त मांस, विशेषतः बरगड्या, मंद उष्णतेवर दीर्घकाळ शिजवून किंवा भाजून मऊ करण्याची पाकक्रिया. उघड्यावर, लाकडांच्या धगीत व धुरात केलेल्या या प्रकारास अमेरिकेतील वापरावरून ‘बार्बेक्यू’ हे नाव सर्वत्र रूढ झाले आहे. हीच क्रिया घराच्या आत, चुलीवर, भट्टीत किंवा झाकणाच्या भांड्यात करण्याची परंपरा मात्र निराळी असून कोकण व गोवा या प्रदेशांत ती पोर्तुगीज अंमलापासून चालत आलेली आहे. मराठी पाकग्रंथांनी तिची फारशी दखल घेतली नाही. याचे कारण पाकक्रियेत नसून डुक्कर या प्राण्याविषयीच्या सामाजिक भावनेत आहे. म्हणून या पाकाचा इतिहास सांगताना त्या भावनेचाही इतिहास सांगावा लागतो.

डुकराला सामान्यतः बरगड्यांच्या चौदा किंवा त्याहून अधिक जोड्या असतात. बरगड्यांमधील स्नायू श्वसनाबरोबर अखंड हलत असल्यामुळे त्यांत संयोजी ऊतकाचे प्रमाण जास्त असते. या ऊतकातील कोलॅजेन हे प्रथिन कच्च्या स्थितीत चिवट असते. उष्णता व ओलावा यांच्या संयोगाने त्याचे सावकाश जिलेटिनात रूपांतर होते. ही क्रिया ६०° से.च्या पुढे सुरू होते, परंतु ती उपयुक्त वेगाने घडण्यास मांसाचे अंतर्गत तापमान ८०° ते ९५° से.च्या दरम्यान बराच काळ राहावे लागते. याच वेळी उलट दिशेची दुसरी एक क्रिया चालू असते. ६०° से.च्या वर स्नायुतंतू आकसतात आणि आपल्यातील पाणी बाहेर टाकतात. त्यामुळे अर्धा तास शिजवलेली बरगडी कच्चीहून अधिक चिवट लागते आणि तीच तीन तासांनी हाडापासून सुटू लागते. प्रखर आचेवर घाई केल्यास पहिली क्रिया अपुरी राहते व दुसरी पूर्ण होते. या पाकात अग्नीचा प्रकार दुय्यम असून काळ, सौम्य उष्णता आणि ओलावा हे तीन घटक मुख्य होत. लाकडाचा धूर रंग व स्वाद देतो. मऊपणाशी त्याचा संबंध नाही. बार्बेक्यू म्हणजे अंगणातील अग्नी ही समजूत म्हणूनच अपुरी ठरते.

बार्बेक्यू या शब्दाचे मूळ कॅरिबियन बेटांवरील ताईनो लोकांच्या भाषेतील ‘बार्बाकोआ’ या शब्दात आहे. मांस किंवा मासे ठेवण्यासाठी अग्नीवर उंच उभारलेला काठ्यांचा मांडव असा त्याचा अर्थ. स्पॅनिश इतिहासकार गोन्सालो फर्नांदेझ दे ओव्हिएदो याच्या इ. स. १५२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याची नोंद आढळते. डुक्कर हा प्राणी मात्र अमेरिकेत मूळचा नव्हे. तो यूरोपीयांनी तेथे नेला. पुढे दक्षिणेकडील मळ्यांवर गुलाम म्हणून राबणाऱ्या आफ्रिकी लोकांच्या हातून या पाकाला आजचे रूप आले. मालकांच्या ताटात न जाणारे हाडांचे व चिवट भाग खाण्याजोगे करण्याची गरज त्यामागे होती. शहरांत राहणाऱ्यांना घरातच धुराचा स्वाद मिळावा म्हणून कॅन्सस सिटी येथील अर्नेस्ट राइट याने १८९५ च्या सुमारास लाकडाचा धूर थंड करून मिळवलेला द्रव बाटल्यांतून विकण्यास प्रारंभ केला. घरातील बार्बेक्यूची हौस एवढी जुनी आहे.

भारतातील उल्लेख यापेक्षा कितीतरी प्राचीन आहेत आणि त्यांतील सर्वांत प्रसिद्ध उल्लेख ‘मऊपणा’ याच शब्दाभोवती फिरतो. दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्तानुसार पावा येथे चुंद या लोहाराने भगवान बुद्धांना ‘सूकरमद्दव’ वाढले आणि ते त्यांचे अखेरचे भोजन ठरले. मद्दव म्हणजे मार्दव. बुद्धघोषाने आपल्या अट्ठकथेत फार कोवळे नाही व फार जून नाही अशा डुकराचे मऊ, स्निग्ध मांस असा अर्थ दिला आहे. त्याबरोबर मऊ भाताचा एक प्रकार किंवा एखादे रसायन हे पर्यायी अर्थही नोंदले आहेत. डुकरांना प्रिय असलेली कंदवर्गीय अथवा भूछत्रवर्गीय वनस्पती असा अर्थ लावणारेही आहेत. गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेले बौद्ध विद्येचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी ‘भगवान बुद्ध’ या मराठी ग्रंथात (१९४०–४१) मांसाहाराच्या प्रश्नाला स्वतंत्र प्रकरण दिले व डुकराचे मांस हाच अर्थ ग्राह्य मानला. त्या प्रकरणामुळे मोठा वाद उद्भवला. वादाचा निर्णय काहीही असो, डुकराच्या मांसाची वाखाणणी त्याच्या मार्दवावरून करण्याची पद्धत निदान अट्ठकथेच्या काळाइतकी, म्हणजे इ. स. पाचव्या शतकाइतकी जुनी आहे एवढे त्यावरून निश्चित होते.

धर्मशास्त्रात रानटी व ग्राम्य असा भेद आढळतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गावात फिरणाऱ्या डुकराचे मांस द्विजांना निषिद्ध मानले आहे. तिसऱ्या अध्यायात मात्र श्राद्धात पितरांना तृप्त करणाऱ्या मांसांमध्ये वराहाचा समावेश आहे. हा विरोधाभास नाही. निषेध प्राण्याच्या जातीचा नसून त्याच्या आहाराचा आहे. महाराष्ट्रात रानडुकराची शिकार प्रतिष्ठेची मानली गेली आणि गावडुक्कर मात्र अस्पर्श राहिले, यामागे हीच विचारसरणी दिसते. ज्यांच्या घरी गावडुकराचे नाव काढलेले चालत नसे, अशी अनेक कुटुंबे रानडुकराचा वाटा आनंदाने स्वीकारीत.

वराहमांसाच्या पाकाचे दख्खनमधील सर्वांत तपशीलवार वर्णन ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथात आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने तो इ. स. ११३० च्या सुमारास रचला. हे कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण. विठ्ठलवाडीलगतचे कल्याण नव्हे. उल्हास नदीच्या खोऱ्यातील कल्याण–अंबरनाथ हा प्रदेश त्या काळी उत्तर कोकणच्या शिलाहारांकडे होता आणि अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२ (इ. स. १०६०) चा शिलालेख त्यांच्यापैकी मुम्मुणी या राजाच्या काळातील आहे. मानसोल्लासात पाच विंशती असून तिसऱ्या विंशतीतील ‘अन्नभोग’ या अध्यायात राजाच्या भोजनाचे पदार्थ सांगितले आहेत. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये श्रीगोंदेकरांनी संपादिलेली या ग्रंथाची आवृत्ती १९२५ पासून खंडशः प्रसिद्ध झाली.

अन्नभोगात डुकराचे केस काढण्याच्या दोन रीती दिल्या आहेत. एकीत प्राण्यावर पांढरे वस्त्र गुंडाळून त्यावर कढत पाणी ओततात, म्हणजे केस हाताने उपटता येतात. दुसरीत अंगावर मातीचा जाड लेप देऊन तो गवताच्या जाळाने भाजतात. नंतर मांस धुऊन, तुकडे करून ते निखाऱ्यांवर भाजावे, मीठ-मिरी लावावी व आंबट रसाबरोबर वाढावे असे सांगितले आहे. अशा भाजलेल्या मांसाला ‘सुंठक’ ही संज्ञा आहे. ताडपत्रासारख्या पातळ पट्ट्या कापून केलेल्या ‘चक्कलिका’ दह्याबरोबर किंवा साखर व मसाल्याबरोबर वाढण्याचाही उल्लेख येतो. आंबट व गोड यांची मांसाशी घातलेली ही सांगड आजच्या बार्बेक्यूच्या सॉसची आठवण करून देते. मिरची तेव्हा भारतात आलेली नव्हती; तिखटपणा मिरीचा होता. चालुक्यांचे राजचिन्ह वराह होते, हा योगायोगही लक्षात घेण्याजोगा आहे. राजमुद्रेवरील वराह पूज्य आणि ताटातील वराह रुचकर, यांत सोमेश्वराला काही विसंगती जाणवल्याचे दिसत नाही.

मानसोल्लासातील पाक राजवाड्याचा आहे. निखारे, सेवक आणि वेळ यांची तेथे वाण नव्हती. सामान्य घराच्या चुलीवर हा पाक आला तो कोकणात, सोळाव्या शतकानंतर. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकले आणि गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई त्यांच्या स्वाधीन केली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पाने वसई घेईपर्यंत साष्टी, वसई व ठाणे या भागांवर त्यांचा अंमल राहिला. धर्मांतरित समाजात डुकराचे मांस खाणे हा केवळ आवडीचा प्रश्न नव्हता. ते टाळणे हे गुप्तपणे ज्यू धर्म पाळण्याच्या लक्षणांपैकी एक लक्षण म्हणून आयबेरियातील धर्मन्यायालयांच्या जाहीरनाम्यांत गणले जाई आणि गोव्यातही असे न्यायालय १५६० मध्ये स्थापन झाले. ताटातील पदार्थ श्रद्धेचा पुरावा ठरू शकेल अशा त्या काळात डुकराला गोव्याच्या ख्रिस्ती घरात कायमची जागा मिळाली. लग्न, बाप्तिस्मा व नाताळ यांचे भोजन त्याच्याशिवाय अपुरे मानले जाऊ लागले. सक्तीच्या छायेत आलेली गोष्ट तीन-चार पिढ्यांत आपुलकीची होते, याचे हे एक ठळक उदाहरण म्हणता येईल.

पोर्तुगालच्या माडेरा बेटावरील ‘कार्ने दे व्हिन्या द आल्योश’ हा पदार्थ, म्हणजे मद्य अथवा त्याचा शिरका व लसूण यांत मुरवलेले मांस, गोव्यात येऊन ‘विंदालू’ झाला. द्राक्षांच्या शिरक्याची जागा माडीपासून केलेल्या शिरक्याने घेतली आणि अमेरिकेतून पोर्तुगीजांनीच आणलेली मिरची त्यात मिसळली. बार्बाकोआ हा शब्द ज्या खंडातून यूरोपात गेला, त्याच खंडातून निघालेली मिरची अशा रीतीने दुसऱ्या वाटेने डुकराच्या मांसाला येऊन मिळाली. विंदालूतील ‘आलू’चा बटाट्याशी संबंध नाही, तो आल्यो म्हणजे लसूण या शब्दाचा अवशेष आहे. उपाहारगृहांतून त्यात घातला जाणारा बटाटा हा शब्दाने पदार्थ बदलल्याचा नमुना होय.

हाडयुक्त मांसाचा खास गोमंतकीय पदार्थ म्हणजे ‘आडमास’. अनेक ख्रिस्ती बोलींत कोकणी ‘हाड’ या शब्दातील हकाराचा लोप होतो. त्यावरून आडमास म्हणजे हाडांचे मांस. बरगड्या व इतर हाडांचे तुकडे मिरची, मिरी, हळद, आले, लसूण आणि चिंच किंवा शिरका यांच्याबरोबर त्यांच्याच चरबीत व सुटलेल्या रसात सावकाश शिजवतात. मेजवानीसाठी डुक्कर मारले की चांगले मांस व काळीज इत्यादी सोरपोतेल व विंदालू यांसाठी राखले जाई आणि उरलेल्या हाडांचे आडमास कामाला आलेल्या आप्तेष्टांसाठी होई. म्हणजे गोव्यातही बरगडी हा प्रथम पाहुण्यांचा नव्हे, तर राबणाऱ्यांचा वाटा होता. अमेरिकेतील कहाणीशी याचे साम्य उघड आहे, जरी दोहोंमागील परिस्थिती सर्वस्वी भिन्न होती.

‘सोलांतुलें मास’ हा दुसरा प्रकार अधिक साधा आणि कदाचित अधिक देशी आहे. यात आंबटपणासाठी शिरक्याऐवजी कोकमाची सोले वापरतात. मसाला बेताचाच असतो. चरबीच्या थराखाली व आम्लाच्या संगतीने हे मांस अनेक दिवस टिकते आणि रोज थोडे गरम केल्यास अधिक मऊ होत जाते. पावसाळ्यासाठी साठवण करण्याच्या, म्हणजे कोकणीत ‘पुरुमेंत’ भरण्याच्या, चालीला ते अनुरूप आहे. शिरका, मिरची व लसूण यांत मुरवलेले तुकडे आतड्यात भरून, उन्हात वाळवून व चुलीच्या धुरावर टांगून केलेल्या ‘शोरिस’ या सॉसेजचाही उद्देश हाच. चुलीवरच्या धुराचा असा उपयोग ईशान्येकडील नागा लोकांतही होतो. तेथे डुकराच्या मांसाचे तुकडे स्वयंपाकघरातील चुलीवर टांगून दिवसेंदिवस धुरात ठेवतात. धुराचा स्वाद घरात आणण्यासाठी या दोन्ही समाजांना निराळी युक्ती करावी लागली नाही. चूल घरातच होती आणि धूर आपोआप होता. धूर ही उणीव भासू लागली ती चूल गेल्यावर.

आम्लाने मांस मऊ होते ही समजूत सर्वत्र आहे व ती अर्धीच खरी आहे. शिरका किंवा कोकम मांसात काही मिलिमीटरांपलीकडे फारसे शिरत नाही. पृष्ठभागाजवळील कोलॅजेनाच्या विघटनास तो साहाय्य करतो, जंतूंची वाढ रोखतो आणि चरबीची ओशट चव कापतो. खरे काम मंद आच व वेळच करतात. याच संदर्भात कच्च्या पपईचा उल्लेख करावा लागेल. पपईही अमेरिकेतूनच आलेली. तिच्यातील पपेन हे एंझाइम प्रथिने तोडते, परंतु प्रमाण किंवा वेळ जास्त झाल्यास मांसाचा पोत जाऊन त्याचा लगदा होतो. तासन्‌तास शिजवायच्या बरगड्यांना तिची गरज नसते.

उत्तर कोकणातील मराठीभाषक ख्रिस्ती समाजाने ही परंपरा आपल्या पद्धतीने जोपासली. मुंबई, साष्टी, ठाणे व वसई येथील या मूळ रहिवाशांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले आणि त्याच वर्षी त्यांची संघटना स्थापन झाली. कंपनी सरकारच्या जुन्या रयतेपैकी आपण आहोत, नोकरीसाठी आलेल्या गोवेकरांहून वेगळे आहोत, हे दाखवण्याचा त्यामागील हेतू होता. त्यांच्या विंदालूला ‘इंदयाल’ म्हणतात. त्यांच्या स्वयंपाकाची ओळख असलेला बाटलीमसाला वीसहून अधिक जिन्नसांचा असतो. तो उन्हाळ्यात वाळवून, भाजून, कांडून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून वर्षभरासाठी ठेवतात. सोरपोतेलाबरोबर ‘फुगे’ ही तळलेली, आंबवलेल्या पिठाची पुरी खाण्याची चाल आहे. घरात भट्टी नसल्यामुळे सणाला भरलेले सबंध पिल्लू गल्लीतील पाववाल्याच्या भट्टीत भाजून आणण्याचा प्रघात गोव्यात व मुंबईत होता. पाव भाजून झाल्यावर उतरणीला लागलेली भट्टी अशा कामाला आदर्श असते. तिची उष्णता सर्व बाजूंनी सारखी लागते व तासागणिक कमी होत जाते. वाळूने किंवा कापडाने झाकलेले भांडे व त्याच्या झाकणावर ठेवलेले निखारे ही या भट्टीचीच घरगुती आवृत्ती होय.

ठाणे व रायगड या जिल्ह्यांत हिवाळ्यात होणाऱ्या ‘पोपटी’चाही येथे निर्देश करणे योग्य ठरेल. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी इत्यादी भरून, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात. पाणी घालीत नाहीत. पोपटीत डुकराचे मांस वापरीत नाहीत, परंतु बंद भांड्यातील स्वतःच्या वाफेवर शिजवण्याचे तत्त्व तेच आहे आणि ते या प्रदेशाला परके नव्हते.

विठ्ठलवाडी हे मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर कल्याणनंतरचे पहिले स्थानक. रेल्वे १८५४ मध्ये कल्याणपर्यंत व १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली. दुसऱ्या महायुद्धात येथील माळावर मोठा लष्करी तळ उभारण्यात आला होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच्या बराकींत वसवण्यात आले आणि या वसाहतीचे ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर असे नामकरण झाले. स्थानिक बोलण्यात ‘कॅम्प एक’ ते ‘कॅम्प पाच’ ही नावे अजून टिकून आहेत. शेजारच्या अंबरनाथला विमकोचा आगकाड्यांचा कारखाना १९२० नंतरच्या दशकात आला होता, तर दारूगोळा निर्मितीचे सरकारी कारखाने १९५० नंतरच्या दशकात उभे राहिले. त्यांच्यामागून निरनिराळ्या प्रांतांचे लोक रेल्वेच्या कडेने बदलापूरपर्यंत पसरले. सिंधी स्वयंपाकात बोकडाचे मांस व पल्ला मासा यांना मान असून डुकराला स्थान नाही. परंतु ‘सेयल’ ही त्यांची पाकपद्धती येथे उल्लेखनीय आहे. भरपूर कांदा किंवा कोथिंबीर-लसणाच्या वाटणात, जवळजवळ पाण्याशिवाय, घट्ट झाकणाखाली मांस मंद आचेवर शिजवणे हे तिचे स्वरूप. आडमास आणि सेयल एकमेकांना न ओळखता एकाच तत्त्वापाशी पोहोचले.

बराक, चाळ आणि नंतरची सदनिका यांनी स्वयंपाकाच्या अटीच बदलल्या. अंगण गेले, चूल गेली, भिंती सामायिक झाल्या. प्रथम कोळशाची शेगडी व रॉकेलचा स्टोव्ह आणि नंतर गॅस आला. मुंबईत बर्मा-शेल कंपनीचा ‘बर्शेन’ हा सिलिंडरमधील गॅस १९५५ मध्ये मिळू लागला. मंद आच तासन्‌तास एकसारखी ठेवणे गॅसमुळे प्रथमच सोपे झाले, पण इंधनाच्या खर्चाने ते परवडेनासे केले. ही अडचण प्रेशर कुकरने सोडवली. विशेष म्हणजे या उपकरणाचा शोध हाडांसाठीच लागला होता. दनी पापँ या फ्रेंच वैद्याने लंडन येथे १६७९ मध्ये वाफेच्या दाबाचे भांडे दाखवले व १६८१ मध्ये त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्या शीर्षकातच हाडे मऊ करणारे यंत्र असे त्याचे वर्णन होते. भारतात घरगुती कुकरचा प्रसार १९५९ नंतर झाला. त्या वर्षी स्थापन झालेल्या हॉकिन्स कंपनीचा एक कारखाना ठाण्यातच आहे. कुकरमध्ये पाणी सुमारे १२०° से.ला उकळते. त्यामुळे कोलॅजेनाचे रूपांतर तीन तासांऐवजी वीस-पंचवीस मिनिटांत होते. उणीव एवढीच, की ओलसर वाफेत मांसाला ना खरपूस कवच येते, ना धुराचा वास.

सामायिक भिंतीचा दुसराही परिणाम झाला. वास शेजारी जातो. मांसाहारी भाडेकरू नको ही अट महाराष्ट्रातील शहरांत सर्वपरिचित आहे आणि मांसाहारी घरांतही डुकराचे नाव दबक्या आवाजात घेतले जाते. गावोगावी डुकरे पाळणाऱ्या वडार, कैकाडी इत्यादी समाजांना समाजव्यवस्थेने खालचे स्थान दिले. त्यांच्या जनावराची निंदा व त्यांची निंदा एकमेकींत मिसळून गेल्या. दलित समाजांच्या खाद्यपरंपरेची पाकग्रंथांत नोंद नाही, ही उणीव शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या ग्रंथाने काही अंशी दूर केली. डुकरे उकिरड्यावर व शौचकूपांच्या मागे चरत असत ही वस्तुस्थिती नाकारण्याचे कारण नाही. गोव्यातही ती तशीच होती. तथापि ‘लार्ज व्हाइट यॉर्कशायर’सारख्या जातींचे बंदिस्त पालन, बोरिवलीचा शासकीय बेकन कारखाना आणि शासनाच्या मॅफ्को कंपनीची डबाबंद व गोठवलेली उत्पादने यांनी काही काळ स्वच्छ मांसाचा पुरवठा मुंबई परिसराला केला. पुढे ही शासकीय व्यवस्था मोडीत निघाली व तिची जागा खाजगी शीतगृहांनी घेतली. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ९०·६ लाख डुकरे होती. २०१२ च्या तुलनेत ही संख्या बारा टक्क्यांनी घटली होती. आगोंदा गोवन या गोव्यातील लहान चणीच्या काळ्या डुकराला देशी जात म्हणून मान्यता मिळाली आहे.

आरोग्याविषयी एक गैरसमज येथे दूर करणे आवश्यक आहे. मेंदूत पट्टकृमीच्या पुटी होण्याचा विकार डुकराचे मांस खाल्ल्याने थेट होतो, असे सर्रास मानले जाते. कच्चे किंवा अर्धकच्चे सपुटिक मांस खाल्ल्याने माणसाच्या आतड्यात प्रौढ कृमी वाढतो. मेंदूतील विकार मात्र त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने होतो आणि ती अंडी मानवी विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून, भाजीतून अथवा हातांतून येतात. त्यामुळे आजन्म शाकाहारी व्यक्तीलाही तो होऊ शकतो. दोष मुख्यतः मलनिःसारणाचा आहे. मांस ६३° से. अंतर्गत तापमानापर्यंत शिजवून तीन मिनिटे तसेच ठेवल्यास ते सुरक्षित होते असे अमेरिकेच्या कृषिखात्याने २०११ मध्ये ठरवले. मऊ शिजलेली बरगडी ९०° से.च्या आसपास पोहोचलेली असते.

सांप्रत घरातील बरगडीपाकाच्या दोन रीती प्रचारात आहेत. पहिलीत आतल्या बाजूचा पातळ पडदा काढून, मीठ व मसाला चोळून, बरगड्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात घट्ट गुंडाळतात व १२०° ते १३५° से.च्या विद्युत्‌ भट्टीत अडीच ते चार तास ठेवतात. उघड्या मांसाचे तापमान ६५°–७०° से.च्या सुमारास बराच वेळ अडून राहते, कारण पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन त्याला थंड करीत असते. गुंडाळलेल्या मांसात हा अडथळा येत नाही. शेवटी पत्रा उघडून आटवलेला रस, शिरका व गूळ यांचा लेप देऊन प्रखर आचेवर काही मिनिटांत कवच आणतात. दुसरीत कुकरमध्ये शिजवून, दाब आपोआप उतरू देऊन, मग तव्यावर किंवा भट्टीत कोरडे करतात. धुरासाठी धुंगार देतात. भांड्यात मधोमध वाटी ठेवून तीत एक फुललेला निखारा घालतात, त्यावर तूप सोडून झाकण लावतात व पाच-सात मिनिटांनी वाटी काढून घेतात. भरीत व ताक यांना अशी धुरी देण्याची चाल मराठी घरांत पूर्वापार आहे. मात्र बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून बरगड्या भाजण्याचा प्रयत्न कदापि करू नये. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि हिवाळ्यात दारे-खिडक्या लावून शेगडीजवळ झोपलेली माणसे त्याने दगावल्याच्या घटना वारंवार घडतात. एका निखाऱ्याच्या धुरीसाठीही खिडकी उघडी असावी.

पाक पूर्ण झाल्याची खूण घड्याळात पाहावयाची नसते. बरगडीचे टोक दोन बोटांत धरून पिळले असता हाड मांसात फिरले पाहिजे, पण मांस गळून पडता कामा नये. गळून पडल्यास ते जास्त शिजले असे समजावे, जरी पुष्कळांना तेच आवडते. आडमास करणाऱ्या घरांत ते आदल्या रात्री शिजवून झाकून ठेवतात. सकाळी वर चरबीचा पांढरा थर व खाली जिलेटिनाने थिजलेला रस दिसतो. थर काढून भांडे पुन्हा मंद आचेवर चढवले जाते.